रात्री दहानंतरची शांतता सांभाळणाऱ्या होस्ट आजींना

आदरणीय होस्ट आजी,

सप्रेम नमस्कार.

निघताना तुमच्या ट्रेलरच्या दाराशी आम्ही तुमचे आभार मानले, मुलांनी रंगवलेलं कार्डही दिलं. पण मनात होतं ते सगळं त्या दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं नव्हतं. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या लोकांना इंग्रजीत वेगळं पत्र पाठवलं आहे. हे मात्र मुद्दाम मराठीत लिहितेय. बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून, दर उन्हाळ्यात कितीतरी मराठी घरं योसेमिटीला जातात, आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन पहिल्यांदाच निघणारीही त्यांत बरीच असतात. तिथल्या कॅम्पग्राउंडवर, म्हणजे तंबू-गाड्यांच्या मुक्कामाच्या जागेवर, देखरेख करणारी तुमच्यासारखी होस्ट माणसं नेमकं काय करतात, ते त्यांच्याही कानावर जावं. तुमचं नाव लिहीत नाही. अपर पाइन्स या कॅम्पग्राउंडवर मुलं तुम्हाला ज्या नावाने हाक मारत होती, तेच इथे वापरते.

आधी बाबांच्या मशीनबद्दल. बाबा डोंबिवलीहून आमच्याकडे आले होते. त्यांना स्लीप अ‍ॅप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास अडतो; रात्री हवा ढकलणारं सीपॅप मशीन लावल्याशिवाय झोपता येत नाही. योसेमिटीच्या एकाही कॅम्पग्राउंडवर आरव्हीला विजेची जोडणी (हुकअप) मिळत नाही, हे आम्हाला बुकिंग करतानाच माहीत होतं. आमचा सगळा भरवसा आरव्हीच्या जनरेटरवर होता. रात्री तो चालवायला वैद्यकीय कारणासाठी परवानगी मिळेल, असं मी धरून चालले होते. म्हणून गाडी आम्हाला दिलेल्या जागेवर, साइटवर, लावली आणि सरळ तुमच्याकडे विचारायला आले.

तुम्ही नाही म्हणालात. जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच चालवायचा, आणि यात कुणालाही सूट नाही, असं स्वच्छ शब्दांत सांगितलंत. माझा चेहरा पडला असणार. बहुतेक ठिकाणी नियम सांगणाऱ्या माणसाचं काम इथे संपतं. खिडकी बंद, पुढचा नंबर. तुम्ही मात्र टोपी घातलीत, टॉर्च घेतलात आणि विचारलंत, "मशीन कुठलं आहे? मला दाखवा."

मग पाऊण तास तुम्ही आमच्या आरव्हीत होतात. आधी बाबांना विचारलंत की मशीनमधला पाणी तापवणारा भाग बंद ठेवून त्यांना झोप लागते का. डोंबिवलीच्या उकाड्यात बाबा तो वापरतच नाहीत, तसं त्यांनी सांगितलं. तुम्ही म्हणालात, मग अर्ध्याहून जास्त काम झालं, कारण हवा ढकलायला मशीनला फारशी वीज लागत नाही, खरी वीज खातं ते पाणी तापवणं. बाबांच्या बॅगेच्या तळाशी गाडीतल्या सॉकेटला लावायची वायर होती. आम्ही ती कधी उघडलीच नव्हती. ती तुम्ही पलंगाजवळच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लावून दाखवलीत. इन्व्हर्टरमधून वीज नेली तर बॅटरीतली बरीचशी वाटेतच वाया जाते, म्हणून ही वायर. नंतर गाडी गरम ठेवणारी फर्नेस. गॅस प्रोपेनचा असला तरी गरम हवा खेळवणारा पंखा बॅटरीवरच फिरतो आणि रात्रभर मशीनपेक्षाही जास्त वीज तोच ओढतो, हे आम्हाला गाडी भाड्याने देणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं. तुम्ही थर्मोस्टॅटवरचं तापमान कमी केलंत आणि विचारलंत, पांघरुणं पुरेशी आहेत ना? बाबांनी स्वतःची गोधडी काढून दाखवली. तिच्यावरचे टाके तुम्ही बोटाने चाचपून पाहिलेत. ती माझ्या आजीने शिवली होती.

शेवटी भिंतीवरच्या पॅनेलचं बटण दाबून बॅटरीच्या व्होल्टचा आकडा वाचायला शिकवलंत. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली. १२.१ म्हणजे अर्धी संपली, त्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. पाच वाजायला थोडा वेळ होता. बरोबर पाचला जनरेटर सुरू करा, सातला बंद करा, असं सांगून तुम्ही पुढच्या साइटकडे गेलात. रात्रभर मशीन चालू राहिलं. पहाटे मी पॅनेल पाहिलं, तर आकडा १२.३ होता. बाबा गाढ झोपले होते.

नियमाला धक्का लावून मदत करणारी माणसं मला आयुष्यात बरीच भेटली. "बघतो, काहीतरी करू" म्हणणारी. त्यांचे उपकारही आहेत. पण नियम जसाच्या तसा ठेवून, त्याच्या आत आमच्यासाठी वाट काढून देणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. शेजारच्या तंबूत एक तान्हं मूल होतं. आमचा जनरेटर रात्रभर घरघरला असता तर त्या आईची झोप गेली असती. तिला हे काही कळलंही नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

दुसऱ्या रात्रीची गोष्ट तुमच्या लक्षात नसेलही, तुमच्यासाठी ती रोजचीच असणार. आमच्यापासून थोड्या अंतरावर तरुण मुलामुलींचा एक घोळका होता. शेकोटी, ब्लूटूथ स्पीकर, मग स्पीकर बाजूला ठेवून अंताक्षरी. गाणी मराठी होती, म्हणजे आपलीच मंडळी. गात सुंदर होते, पण दहा वाजून गेले होते आणि आवाज चढत चालला होता. बाबा अस्वस्थ झाले. आपली माणसं आहेत, आपणच जाऊन सांगावं का, असं ते म्हणत होते, तोवर रस्त्यावर तुमचा टॉर्च दिसला.

तुम्ही त्यांच्या साइटमध्ये शिरला नाहीत. रस्त्याच्या कडेला थांबलात. चालू असलेलं गाणं संपू दिलंत. मग "आत येऊ का?" असं विचारलंत, आणि कुणीतरी "प्लीज" म्हटल्यावरच आत पाऊल टाकलंत. कॅम्पग्राउंडवरची साइट म्हणजे त्या रात्रीपुरतं त्या माणसाचं घर, दुसऱ्याच्या साइटमधून आडवं जायचं नाही, हे तुम्ही आदल्या दिवशी आमच्या मुलांना सांगितलं होतं. मोठ्यांच्या बाबतीत, तेही चुकलेल्या मोठ्यांच्या बाबतीत, तुम्ही स्वतः ते पाळताना मुलांनी खिडकीतून पाहिलं. "कुणाची तरी तक्रार आली आहे" असं तुम्ही म्हणाला नाहीत. गाणं छान होतं म्हणालात, १० ते ६ शांततेची वेळ आहे म्हणालात. उन्हाळ्यात इथल्या दरीत, योसेमिटी व्हॅलीत, शेकोटीही संध्याकाळी ५ ते रात्री १० एवढीच, इथली हवा धुराने भरून राहते म्हणून, तेही सांगितलंत. मग त्यांच्याबरोबर उभं राहून निखाऱ्यांवर पाणी ओतून, ढवळून, पुन्हा ओतून घेतलंत. दहा मिनिटांत सगळं शांत. सकाळी त्यांच्यातलीच एक मुलगी भांडी धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन तुमच्या दारात आली होती, हे कुठे ओतायचं म्हणून विचारायला. आदल्या रात्री तुम्ही तिला खडसावलं असतं, तर तिने ते पाणी कुठेतरी झुडपाखाली ओतलं असतं, असं मला वाटतं.

बाबांना त्या रात्री बराच वेळ बोलायचं होतं. डोंबिवलीला आमच्या सोसायटीचे ते वर्षानुवर्षं सेक्रेटरी होते. पार्किंग, पाण्याच्या पंपाची वेळ, गच्चीची किल्ली, गणपतीतला लाऊडस्पीकर. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतही लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंदच ठेवायचा असतो, अगदी हेच तास. त्यासाठी बाबांनी लोकांचं काय काय ऐकून घेतलं, ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. जिन्यात लोक बोलणं बंद करायचे. आई म्हणायची, सोडा ते पद. बाबांनी सोडलं नाही. पलंगावर बसून ते मला म्हणाले, "या बाई रस्त्यावर थांबल्या बघ. मी सरळ लोकांच्या दारात जायचो." एवढंच बोलले आणि मशीन लावून झोपले.

तिसरा प्रसंग मात्र तुम्हाला नक्की आठवत असेल. संध्याकाळी सात वाजून गेल्यावरही एका मोठ्या मोटरहोमचा जनरेटर चालू होता. तुम्ही गेलात, वेळ सांगितलीत. तो गृहस्थ अंगावर आला. मी पैसे भरलेत, मला नियम शिकवू नका, तुम्ही काय पोलीस आहात का, असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. आमच्याही पोटात गोळा आला. तुम्ही एकट्या होतात. वयाने त्याच्या आईएवढ्या होतात. तुम्ही त्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प उभ्या राहिलात. मग म्हणालात की नाही, मी पोलीस नाही, मला दंड करता येत नाही, म्हणूनच आधी मी येते. जनरेटर बंद झाला नाही तर रेंजर येतील, आणि त्यांना तो अधिकार आहे. वळलात आणि रेडिओवर बोलत निघून गेलात. रेंजर आले, दोन मिनिटं बोलले, घरघर थांबली.

त्या माणसाला बहुधा वाटलं असेल की नियम तुम्ही मनाने केलेत. राष्ट्रीय उद्यानांच्या नियमावलीत आवाजाचा नियम लिहिलेला आहे: अवेळी गोंगाट तर नाहीच, पण एरवीही जनरेटरचा आवाज ५० फुटांवर ६० डेसिबलच्या वर जाता कामा नये. आणि होस्ट म्हणजे पगारी नोकर असा अनेकांचा समज असतो, आमचाही होताच. तुम्ही स्वयंसेवक आहात. १९७० च्या कायद्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत स्वयंसेवकांची योजना सुरू झाली, आणि तुमच्यासारखी निवृत्त माणसं आपला ट्रेलर घेऊन, तो उभा करायच्या जागेच्या बदल्यात, अख्खा हंगाम हे काम करतात. रोज कुणीतरी नवीन येणार, रोज तीच वाक्यं, आणि त्यांतलं एखादं वाक्य कुणाला तरी झोंबणार. हे समजल्यावर मला त्या गृहस्थाचा राग आलाच, पण त्याहून जास्त, तुमच्या चेहऱ्यावरचा थकवा लागून राहिला. त्या रात्री तुम्ही ठरलेल्या वेळेला फेरीला निघालातच.

अस्वलांबद्दल मुलांशी बोलताना तुमचा आवाज बदलायचा. योसेमिटीत आता ग्रिझली जातीची अस्वलं नाहीत, काळी अस्वलं आहेत, आणि माणसांच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल धीट होत जातं, शेवटी त्याला मारावं लागतं, हे तुम्ही मुलांना काही न लपवता सांगितलंत. १९९८ साली इथे अस्वलांनी गाड्या फोडल्याच्या, अन्न पळवल्याच्या दीड हजारांहून जास्त घटना झाल्या होत्या. मग सगळीकडे अन्न ठेवायचे लोखंडी लॉकर बसवले, होस्ट आणि रेंजर रात्री फिरून प्रत्येक टेबल बघू लागले, आणि तो आकडा ९० टक्क्यांहून जास्त खाली आला. अन्न आणि वासाच्या वस्तू लॉकरमध्येच ठेवायच्या, या नियमामागे हा सगळा इतिहास आहे हे कळल्यावर आमच्या धाकट्याने मनावरच घेतलं. आमच्याबरोबरचं दुसरं कुटुंब तंबूत होतं. त्यांच्या बेसनाच्या लाडवांचा डबा आणि टूथपेस्ट तर लॉकरमध्ये गेलीच, पण खोबरेल तेलाची बाटली आणि उदबत्तीचा पुडासुद्धा त्याने नेऊन ठेवला. उदबत्ती बघून तुम्ही विचारात पडलात, वास घेतलात आणि म्हणालात, बरोबर आहे, हीही आतच.

आरव्हीने पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी मंडळींना यातून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पोचल्यावर सामान काढायच्या आधी होस्टला भेटा. अडचण असेल तर ती तेव्हाच सांगा, रात्री अकराला नाही. साइटवर सहाच माणसं, मुलं धरून, हे बुकिंगच्या वेळीच मोजा. भांडी धुतलेलं पाणी जमिनीवर नाही, आरव्हीच्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या त्या डम्प स्टेशनवरच. व्हॅलीत सरपण गोळा करायचं नाही. आणि होस्ट रात्री दारात आली तर ती ज्यांच्यासाठी आली आहे, त्यांत आपणही असतो.

आजी, पुढच्या वर्षीचं बुकिंग ज्या महिन्यात उघडेल त्याच्या १५ तारखेला सकाळी ७ च्या ठोक्याला आम्ही सगळे आपापल्या लॅपटॉपसमोर बसणार आहोत. बाबा पुन्हा येतील तेव्हा त्यांना तुमच्याशी निवांत बोलायचं आहे. सोसायटीच्या पंपाच्या वेळांवरून त्यांनी कसे वाद मिटवले आणि कुठले मिटलेच नाहीत, ते सगळं त्यांना सांगायचं आहे. भाषांतर मी करीन. तुम्ही दुसऱ्या पार्कात गेलात तर तेवढं कळवा, कार्डाच्या मागे आमचा फोन नंबर आहे. बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

आपली कृतज्ञ,
सीपॅपवाल्या आजोबांची मुलगी