'सुटला' म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आपल्या एकाच पानावर तीन ठिकाणी 'क्लीन चिट' वाचली. खाली वाचलं तर पहिल्याला नुसता जामीन मिळालेला, दुसऱ्याला आरोप निश्चित होण्याआधीच दोषमुक्त केलेलं आणि तिसऱ्याच्या प्रकरणात पोलिसांनी 'बी समरी' (तक्रारच खोटी असल्याचा अहवाल) दाखल केलेली, तीही दंडाधिकाऱ्यांनी अजून स्वीकारायची होती. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात मी उभी हयात कारकुनी केली, म्हणून हे खटकतं.

जामीन म्हणजे खटला संपेपर्यंत बाहेर राहण्याची मुभा. दोषमुक्त झालेल्यावर नवा पुरावा सापडला तर पुन्हा खटला भरता येतो. निर्दोष मुक्तता झाली आणि ती कायम राहिली, की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभं करता येत नाही. (सरकार अपिलात जाऊ शकतं, ते वेगळं.)

आपल्याच नागपूर खंडपीठाचं उदाहरण घ्या. माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून जन्मठेप झालेले प्रा. जी. एन. साईबाबा यांची शिक्षा 14 ऑक्टोबर 2022 रोजी रद्द झाली ती खटल्याला सरकारची वैध मंजुरी नव्हती म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून फेरसुनावणी करायला लावली. 5 मार्च 2024 रोजी मात्र गुन्हाच सिद्ध झाला नाही, असं म्हणून खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडलं. दोन्ही वेळा 'सुटले' लिहिलं तर वाचकाला काय कळणार?

आळ, बालंट, किटाळ, कुभांड, ठपका. माणसाला गोवायला मराठीत शब्दांची रेलचेल आहे. सोडवायची वेळ आली की आपण उसनी 'चिट' फाडतो, नाहीतर 'सुटला' म्हणतो, जसा काही पळूनच गेला.

माझ्या मावसभावावर पतसंस्थेतल्या अपहाराचा आळ आला तेव्हा पहिल्या पानावर फोटो होता. नऊ वर्षांनी तो निर्दोष ठरला. बातमी आली आतल्या पानावर, चार ओळींची, 'पुराव्याअभावी सुटका'. प्रत्यक्षात फिर्यादीने उलटतपासात हिशेबाची वही आपणच बदलल्याचं कबूल केलं होतं. मुलीच्या सोयरिकीला पाहुण्यांनी तेच कात्रण दाखवून विचारलं, "सुटले ते ठीक आहे हो, पण कसे सुटले?" निकालपत्राची नक्कल त्याने शर्टाच्या खिशातून काढली. घड्यांवर फाटलेली, सेलोटेप लावलेली.

आरोपाचा मथळा जेवढा मोठा, तेवढाच निकालाचाही छापा, अन् निकालपत्रातला शब्द जसाच्या तसा ठेवा.

आपला,
एक निवृत्त कोर्ट कर्मचारी,
महाल, नागपूर