रविवारची आठवण: विषय श्रीजेश
मंडळी परत सांगतो, रविवारी 5 वाजता पेडेच्या हॉकी मैदानाबाहेर जमायचंय, बाजारातून येणाऱ्यांनी जरा लवकर निघा, म्हापशाचं ट्रॅफिक माहितीय. यावेळी गप्पा भारताचा हॉकी गोलकीपर श्रीजेशवर. 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीशी आपण 5-4 ने पुढे असताना शेवटच्या 6 सेकंदांत पेनल्टी कॉर्नर (फाउलमुळे गोलजवळून मिळणारी मारायची संधी) अडवून 41 वर्षांनी हॉकीत मेडल आणलं आणि गोलपोस्टवर चढून बसला तोच. 2024 ला पॅरिसचं ब्राँझ घेऊन रिटायर, सोबत त्याची 16 नंबरची जर्सीपण रिटायर केली, आणि लगेच भारताच्या ज्युनियर टीमचा कोच झाला, त्याच वर्षी ज्युनियर आशिया कप जिंकला. (गोलकीपर चांगला कोच होतो असं मला वाटतं, सगळा खेळ मागून बघतो ना.) गोलकीपर पोरांनी आपापले पॅड आणा, मागच्या वेळी एकच जोडी तिघांत फिरली आणि पट्टा तुटला. भाजी-पाव आपल्याकडून.