मनू, दिवाळीपर्यंत थांबू नकोस

इंदिरानगर, नाशिक
रविवार रात्र

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस ना, दिवाळीपर्यंत बघू, ईशान नाहीच बोलला तर मग डॉक्टरांना दाखवू, तेव्हा मागे सासूबाईंचा आवाज येत होता म्हणून मी जास्त ताणलं नाही, पण फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात आहे म्हणून आता सरळ लिहूनच पाठवतेय. लांबलचक होणार आहे. ईशान झोपला की वाच आणि किरणभाऊजींनाही वाचायला दे, अर्धं तर त्यांच्यासाठीच आहे.

आधी मुद्द्याचं. दिवाळी यायला अजून चार-पाच महिने आहेत, ईशान आत्ता बावीस महिन्यांचा, म्हणजे तोवर सव्वादोन वर्षांचा होईल. काही मुलं उशिरा बोलतात आणि नंतर आपोआप गाडी रुळावर येते हे खरंच आहे, सासूबाई खोटं नाही सांगत, त्यांचा मुलगा बोलला असेल अडीच वर्षांनी. पण कोणतं मूल आपोआप बोलणार आणि कोणतं नाही हे आज नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही, मला नाही, तुला नाही, आणि डॉक्टरांनाही नाही, म्हणून तर तपासायचं असतं. तपासलं आणि सगळं ठीक निघालं तर तुमची एक-दोन सकाळ गेली. थांबलो आणि ठीक नसलं तर त्याचे हे महिने गेले, आणि या वयातले महिने फार महाग असतात गं. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या साधारण ८० टक्के झालेला असतो, त्यातल्या जोडण्या आत्ता धडाधड होतायत, पुढेही शिकता येतं पण आत्ताइतकं सहज नाही.

आणि मला खरं सांगू, तो बोलत नाही याची मला एवढी काळजी नाही वाटली. तू बोलता बोलता सहज तीन गोष्टी सांगून गेलीस त्यांनी माझ्या पोटात गोळा आला. हाक मारली की वळत नाही. काही हवं असेल तर बोट दाखवत नाही, तुझा हात धरून कपाटापाशी ओढत नेतो. आणि आधी टाटा करायचा, ते हल्ली बंद झालंय.

बोट दाखवण्याचं बघ. मुलं वर्षाच्या आसपास हवी ती वस्तू बोटाने मागायला लागतात, आणि पुढे दीड वर्षापर्यंत नुसतं दाखवायला म्हणूनही बोट करतात, ते बघ विमान, ती बघ माऊ, आणि मग वळून तुझ्या तोंडाकडे बघतात की तू बघितलंस का. ते वळून बघणं म्हणजे बोलण्याच्या आधीचं बोलणं आहे. शब्द नंतर त्यावरच बसतात. म्हणून वर्ष झालं तरी बडबड नाही की हातवारे नाहीत, सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही, दोन वर्षं झाली तरी 'दुदू दे', 'बाबा आले' असे दोन शब्द जोडून बोलणं नाही, यातलं काहीही असलं तर दाखवून घ्यायचं असतं. आणि येत असलेली गोष्ट गेली, एखादा शब्द, टाटा, नजरेला नजर, तर वय कितीही असो, थांबायचंच नाही. या एका गोष्टीवर मी तुझ्याशी भांडायला तयार आहे.

त्याला काय आहे हे मी सांगत नाहीये हां. मी डॉक्टर नाही. मी फक्त माझ्या रेवाच्या वेळी या सगळ्यातून गेलेय म्हणून कुठलं दार आधी वाजवायचं तेवढं मला माहितीये.

आणि पहिलं दार कानाचं. तू म्हणशील कान चांगलेत, टीव्हीवरची जाहिरात लागली की आतल्या खोलीतून पळत येतो. पण मनू, ऐकू येणं म्हणजे सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. मोठे, जाड आवाज ऐकू येतात आणि स, फ असले बारीक आवाज पोचतच नाहीत असं होऊ शकतं, मग जाहिरातीचा दणदणाट कळतो पण आईचं बोलणं अर्धवट गाळून आत जातं. कधी सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असतं, दुखत नाही म्हणून कळतही नाही. जन्मल्यावर कानाची टेस्ट पास झाली होती असं तू म्हणालीस, ती बहुतेक ओएई असणार, छोटं बोंड कानात घालून करतात ती. पण ईशान एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये होता, कावीळ बरीच वाढली होती, लाइटखाली ठेवलं होतं, आठवतंय ना. अशा बाळांची बेरा नावाची कानाची दुसरी टेस्ट करायला सांगतात, कारण ओएई आतल्या कानापर्यंतचंच बघते, कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं काम तिच्यात कळत नाही, आणि जास्त कावीळ कधीकधी नेमकी तिथेच त्रास देते. बेरामध्ये मूल झोपलेलं असताना डोक्याला स्टिकरसारखे इलेक्ट्रोड लावतात, दुखत वगैरे काही नाही. ती झाल्याशिवाय पुढचं काही धड कळणार नाही, कारण नीट ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही आणि ऑटिझम असलेलं मूलही बऱ्याचदा वळत नाही, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

आणखी एक, तो सहा आठवडे आधी झालाय. दोन वर्षांपर्यंत असेसमेंट करताना तेवढं वय वजा करतात, म्हणजे आत्ता तो त्यांच्या हिशेबात साडेवीस महिन्यांचा. हे त्यांना आपणहून सांग, फॉर्मवर लिही. पण वजा करूनसुद्धा हाकेला वळणं आणि बोट दाखवणं या वयात यायलाच हवं, म्हणून 'लवकर झालाय ना, घेईल वेळ' एवढ्यावर सोडू नकोस.

आता ते असेसमेंट म्हणजे नक्की काय, ज्याची तुला धास्ती बसलीये. आधी बहुतेक तुलाच प्रश्न विचारतील. एमचॅट म्हणून एक प्रश्नावली असते, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, २० प्रश्न, हो किंवा नाही. तू बोट दाखवलंस तर तो तिकडे बघतो का, दुसऱ्या मुलांकडे लक्ष देतो का, खोटं खोटं खेळतो का, असं. तीन किंवा जास्त उत्तरं काळजीची आली की पुढे खोलात विचारतात. त्याने ऑटिझम ठरत नाही, फक्त नीट बघायला हवं एवढं ठरतं. उत्तरं देताना त्याला चांगले मार्क मिळवून द्यायला जाऊ नकोस. कधीतरी एकदा केलं होतं ते 'हो' मध्ये धरायचं नाही.

मग मुलाला समोर बसवून करायची टेस्ट. रेवाची डीएएसआयआय केली होती, ही आपल्याकडचीच आहे, बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवर बसवलेली, अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांना चालते. हालचालींचे ६७ आणि बुद्धीचे १६३ आयटम आहेत त्यात, पण सगळे नाही करत, वयाप्रमाणे घेतात. आपल्याला ती टेस्ट वाटतच नाही. ठोकळे, कप, घंटी, खुंट्यांचा बोर्ड, कागद-पेन्सिल, असा खेळ मांडतात आणि ती मॅडम बघत बसते, ठोकळा कसा उचलतो, चिमटीत धरतो की मुठीत, लपवलेली वस्तू शोधतो का. तुला मांडीवर घेऊन बसायला सांगतील. तेव्हा हात शिवशिवतात बघ, वाटतं जरा ठोकळा सरकवावा, कानात सांगावं. नाही सरकवायचं. घरी करतो पण इथे करत नाहीये असं झालं तर तसं मोकळेपणाने सांग, त्यांना रोज तेच ऐकायची सवय असते, आणि घरचे दोन-चार व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेव, जेवतानाचा, एकटा खेळतानाचा, हाक मारल्यावरचा. झोप झालेली हवी, पोट भरलेलं हवं. आवडतं खेळणं ने, मोबाईल मात्र त्याच्या हातात देऊ नकोस त्या दिवशी, मग तो काढून घेताना जे रडणं सुरू होतं त्यात टेस्ट जाते.

शेवटी एक आकडा हातात देतात, डीक्यू. मूल ज्या वयाचं काम करतंय ते भागिले त्याचं खरं वय, गुणिले १००. म्हणजे २० महिन्यांचं मूल १५ महिन्यांच्या मुलाइतकं करत असेल तर ७५. सत्तरच्या खाली आलं तर विकासात उशीर आहे असं धरतात. त्या आकड्याने भाऊजींना घाबरू देऊ नकोस. तो आयक्यू नाही, तो त्या दिवशीचा फोटो आहे, सहा महिन्यांनी परत काढतात तेव्हा बदललेला असू शकतो, वर किंवा खालीही. मला त्या आकड्यापेक्षा खालची ओळ कामाची वाटली, कशात पुढे आहे, कशात अडकलंय, त्यावरच थेरपी ठरते. आणि हे भाऊजींना मुद्दाम सांग, थेरपी सुरू करायला आजाराचं नाव लागत नाही. नाव ठरायला कधी वर्ष जातं, स्पीच थेरपी आणि ओटी (रोजची कामं, हालचाली शिकवणारी थेरपी) त्याआधीच सुरू होते.

कागदाचं म्हणालीस ना, एकदा कागदावर आलं की शाळेत शिक्का बसेल. असेसमेंटचा रिपोर्ट तुझा असतो, तुझ्या फाईलमध्ये राहतो, आपोआप कुठे जात नाही. अपंगत्वाचं सर्टिफिकेट, यूडीआयडी कार्ड, ही पूर्ण वेगळी गोष्ट, त्याला तुम्ही स्वतः अर्ज करायचा असतो, आणि कधी लागलंच तर २०१६ च्या कायद्यात ४० टक्के किंवा जास्त असेल त्याला सवलती आहेत, हक्काच्या. लपवून ठेवलं म्हणून शाळेत कळायचं राहणार आहे का? उलट तेव्हा बाईंनी सांगायचं आणि आपण ऐकायचं.

कुठे जायचं. आपल्या सिव्हिलला, त्र्यंबक रोडला, डीईआयसी आहे, लहान मुलांच्या या तपासण्यांसाठीच असलेलं सेंटर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं आहे ते, जो २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, पैसे लागत नाहीत. त्यांचीच टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, तुमच्या म्हसरूळच्या अंगणवाडीत त्याचं नाव आहे ना, ताईंना विचार कधी येणारेत, पण त्यांची वाट बघत बसू नकोस, थेट जाता येतं. प्रायव्हेटला जायचं तर नुसत्या बालरोगतज्ज्ञांपेक्षा डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियन बघ, त्यांचं हेच काम असतं. पुढे कानाचं काही मोठं निघालंच तर मुंबईला वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं.

आणि जिथे 'सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो, पूर्ण पॅकेज घ्या' म्हणतील तिथून उठून यायचं. आम्हाला असं एक ठिकाण भेटलं होतं, रेवाला हातही न लावता पॅकेजचा कागद पुढे केला. ऑटिझमला स्टेम सेल वगैरे कोणी सांगितलं तर अजिबात नाही, त्याला आधार नाही आणि पोराला त्रास होतो तो वेगळाच.

घरात तोपर्यंत काय करायचं. जेवताना मोबाईल बंद, हे कठीण आहे, पहिले दिवस दोन घासही जाणार नाहीत, पण कर. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच असं बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. पण मोबाईलमुळेच झालं असं स्वतःला लावून घेऊ नकोस आणि घरात कोणाला लावूही देऊ नकोस, मोबाईल बंद केला म्हणून तपासणी टळत नाही. त्याच्यासमोर जमिनीवर बस, तोंडासमोर तोंड. 'बोल, बोल, आई म्हण' असं मागे लागू नकोस. तो जे बघतोय त्याचं नाव घे आणि थांब, मनात दहा आकडे म्हण, त्याला वळायला वेळ दे. तो हात ओढत कपाटापाशी घेऊन गेला की त्याच्याच हाताचं बोट करून डब्याकडे दाखव, 'डबा', आणि लगेच दे.

आणि ते कोणीतरी सांगितलंय ना की घरात फक्त इंग्लिश बोला नाहीतर गोंधळ होतो, सोडून दे ते. दोन-तीन भाषांनी मूल मागे पडत नाही. सासूबाईंना त्यांची अहिराणी बोलू दे त्याच्याशी, भरपूर, मोकळी. त्यांच्याइतकं घरात कोण बोलतं त्याच्याशी? त्यांना या सगळ्यात विरुद्ध बाजूला उभं करू नकोस, त्यांनाही सोबत घेऊन जाऊ, टेस्ट कशी असते ते एकदा डोळ्यांनी बघितलं की त्यांची निम्मी भीती जाईल.

रेवाचं विचारशील. पहिलीत आहे. घरात तिचं सगळं कळतं, बाहेरच्यांना अजून दोनदा विचारावं लागतं, स्पीच अजून चालू आहे, र अजून येत नाही. खूप बोलते मात्र. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, तिच्यासारखंच ईशानचं होईल असा शब्द मी तुला देऊ शकत नाही. पण तपासल्याचा आम्हाला कधी पश्चात्ताप झाला नाही, हे अगदी मनापासून सांगते.

तर असं करू, बुधवारी मी सुट्टी टाकते. सकाळी लवकर गाडी घेऊन म्हसरूळला येते, आपण दोघी, सासूबाई आणि ईशान. भाऊजींची नाइट असेल तर ते थेट सिव्हिलला आले तरी चालेल, पण यायला हवेत, ऐकायला दोघं असावेत, एकटीला अर्धंच लक्षात राहतं. लसीकरणाचं कार्ड घे, त्यातच मागे महिन्यांप्रमाणे मूल काय करतं त्याची चित्रं आहेत, आज रात्री बसून त्याला काय केव्हा आलं ते आठवून लिहून काढ, आणि टाटा कधीपासून बंद झालं तेही. एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड सगळ्यात महत्त्वाचं, कावीळ किती होती तो आकडा त्यावर असेल. तुझ्या माहेरी राहिलं असेल तर उद्याच आईंना फोन कर, मी ऑफिसमधून येताना पंचवटीतून घेऊन येईन. सापडलं की मेसेज टाक.

तुझी,
अश्विनी