मिकी बेकर राहिलाच की!

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला रॉक अँड रोलच्या गिटारवाल्यांवरचा लेख वाचला, मस्तच जमलाय, पण मिकी बेकरचं नाव एकदाही नाही म्हणजे कमालच झाली. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्टुडिओत रे चार्ल्स, रूथ ब्राउन, बिग जो टर्नर, ड्रिफ्टर्स सगळ्यांच्या मागे हा गिटार वाजवायचा, आता रेकॉर्डच्या लेबलवर नाव गायकाचं, मागच्याला कोण विचारतंय.

माणूस अफलातून होता. जन्म १९२५चा, केंटकीतल्या लुईव्हिलचा. अनाथाश्रमातून सारखा पळायचा आणि सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कलाच राहिला, तिथे भांडी घासली, मजुरी केली. घ्यायचा होता ट्रंपेट, पण साठवलेल्या पैशात गहाणवटीच्या दुकानात गिटारच परवडली! जीव जॅझमध्ये, पण जॅझवर पोट भरेना. मग कॅलिफोर्नियात पी वी क्रेटन हा ब्लूजवाला बघितला, त्याचा थाट, त्याची पांढरी गाडी, आणि ह्यानेही तारा ओढून वाजवायला घेतल्या.

शिष्या सिल्व्हियासोबत केलेलं 'लव्ह इज स्ट्रेंज' हे गाणं १९५७ला आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या चार्टवर एक नंबरला गेलं. (त्यातला गिटारचा तुकडा मुळात जोडी विल्यम्सचा, त्यावरून कोर्टकचेरीही झाली, तोही बिचारा असाच दुसऱ्यांच्या मागे वाजवणारा.) हीच सिल्व्हिया पुढे शुगर हिल रेकॉर्ड्स काढून १९७९ला रॅप घराघरात नेणारी.

मला राग यायचं कारण वेगळंच आहे. माझ्याकडे त्याच्या १९५५च्या जॅझ गिटार कोर्सची झेरॉक्स आहे, कडा पार पिवळ्या पडल्यात. ५२ धडे. जिथे आपण साधा जी मेजर कॉर्ड धरून मोकळे होतो तिथे हा मेजर सेव्हन नाहीतर सिक्स धरायला लावतो, बोटं जरा बसली की तेच दुसऱ्या पट्टीत वाजवा म्हणतो. चौथ्या धड्यावर मी दोन महिने अडकलो होतो, करंगळी सुजली, घरचे वैतागले, पण आज जे काय थोडंफार वाजवतो ते ह्या माणसामुळे.

साठच्या दशकात तो फ्रान्सला गेला तो तिकडचाच झाला, २०१२ला तुलूजजवळ वारला. पुढच्या रविवारी त्याच्यावर एक चौकट तरी टाका, फोटोसकट.

आपला,
एक वाचक, डोंबिवली