अभिप्राय येईस्तोवर आंबा टिकेल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसजवळ माझी साठेक हापूसची कलमं आहेत. पेटी भरताना खाली पेंढा आणि वर रद्दी घालतो, बहुतेक वेळा तुमच्याच दैनिकाची. एप्रिलात मुलीकडे शहरात गेलो असता तिथल्या बाजारात ‘रत्नागिरी हापूस’ छापलेली पेटी घेतली. उघडली तर आत कानडी वर्तमानपत्र! साल जाड, देठाशी तो वास नाही, गर पिवळा. खोका मात्र आमच्याकडचाच, दुसऱ्यांदा भरलेला.

कर्नाटकातल्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. त्याचा आंबा त्याच्या नावाने विकावा, मीही घेईन. नाव चोरतो तो मधला माणूस.

पोलिस ठाण्यात गेलो. उपनिरीक्षक भला माणूस, चहा पाजला आणि म्हणाला, “काका, हे माझ्या हातात नाही.” मला वाटलं, टोलवतोय. रात्री जावयाने मोबाइलवर कायदा काढून दिला, तर उपनिरीक्षक खरं बोलत होता. भौगोलिक मानांकन म्हणजे मालाचं नाव त्याच्या मूळ प्रदेशापुरतं राखणारी नोंद. त्याच्या १९९९ च्या कायद्यातलं कलम ५० सांगतं की, वॉरंटशिवाय झडती-जप्तीचा अधिकार पोलिस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला. त्यानेही आधी निबंधकांचा, म्हणजे या नोंदणीच्या प्रमुख अधिकाऱ्यांचा, अभिप्राय घ्यायचा आणि तो पाळायचा. मानांकनाचं नोंदणी कार्यालय चेन्नईला. गाण्यांच्या चोरट्या प्रती असत्या, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ खाली त्याच उपनिरीक्षकाने तिथल्या तिथे उचलल्या असत्या. सीडी नासत नाही. आंबा नासतो. बाजारात पेटी सकाळी उतरते आणि दुपारपर्यंत पुढे जाते. कागद चेन्नईला जाऊन येईपर्यंत जप्त काय करायचं, कोयी?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. शिक्षाही कायद्यात कडक आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद. पण अधिकार द्यायचा आणि त्याची दोरी लांब कुठेतरी खुंटीला बांधून ठेवायची, याला काय म्हणावं?

उपनिरीक्षकालाच जप्तीची मुभा द्या, असं मात्र मी म्हणणार नाही. मग रस्त्यावरचा प्रत्येक आंबेवाला हप्ता भरेल, त्यात आमची पोरंही आली. उपअधीक्षकाची अट राहू दे. अडचण फक्त अभिप्रायाची आहे, आणि तिची वाट त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे: निबंधकांची कामं त्यांच्या देखरेखीखाली करायला केंद्र सरकार इतर अधिकारी नेमू शकतं. मार्च ते मे असा एक अधिकारी मुंबईत बसवा. फळ ओळखायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा माणूस सोबत द्या, आणि अभिप्राय त्याच दिवशी मिळेल असं बघा. नवा कायदा नको, एक आदेश पुरे. आमच्या खासदारांनी हे दिल्लीत कुणाच्या तरी टेबलावर ठेवावं.

ती पेटी मी पुरावा म्हणून मुलीच्या गॅलरीत जपून ठेवली होती. सहाव्या दिवशी चिलटं झाली, तेव्हा तिने मला न विचारताच कचऱ्याच्या गाडीत टाकली.

— एक आंबा बागायतदार, पावस, जि. रत्नागिरी