आकडा वाढवल्याने ब्रेक सुधारत नाही

महोदय,

लघुउद्योगांच्या आधुनिकीकरणावर आपल्या दैनिकात अलीकडे आलेल्या लेखात, पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा साच्यात दाबून भाग बनवणाऱ्या यंत्रावर, प्रोग्रॅमेबल लिमिट स्विच बसवल्याने उत्पादन वाढते आणि अपघातही टळतात, असे म्हटले आहे. उत्पादनाचे मान्य. अपघातांबद्दल मात्र, भोसरी-चाकण पट्ट्यातील प्रेसशॉपमध्ये देखभालीचे काम केलेला माणूस म्हणून, चार शब्द लिहिणे भाग आहे.

जुन्या प्रेसवर, रॅम म्हणजे पत्र्यावर दाब देणारा भाग वरखाली करणाऱ्या क्रँकशाफ्टवरून साखळीने फिरणारा कॅमचा, म्हणजे उंचवटे असलेल्या चकत्यांचा, डबा असतो. फीडरने पत्रा केव्हा सरकवायचा, तयार भाग उडवणारी हवा केव्हा मारायची, रॅम माथ्यावर थांबावा म्हणून क्लच केव्हा सोडायचा, हे सारे त्यातले कॅम ठरावीक अंशाला स्विच दाबून ठरवतात. डाय, म्हणजे साचा, बदलली की डबा उघडा, पाना घाला आणि कॅम हाताने सरकवा, असा खटाटोप असतो. नव्या व्यवस्थेत, म्हणजे प्रोग्रॅमेबल लिमिट स्विचमध्ये, रिझॉल्व्हर किंवा एन्कोडर क्रँकचा कोन सतत सांगत राहतो, कोणते आउटपुट किती अंशाला सुरू आणि बंद व्हायचे ते पॅनेलवर आकड्यांत भरता येते आणि प्रत्येक डायचे आकडे साठवूनही ठेवता येतात. शिवाय व्हॉल्व्हला प्रतिसाद द्यायला 50 मिलिसेकंद लागत असतील, तर तेवढ्या वेळात क्रँक मिनिटाला 30 स्ट्रोकच्या गतीला 9 अंश आणि 60 स्ट्रोकला 18 अंश फिरतो. हा फरक ओळखून संकेत तेवढा आधी देण्याची सोय या स्विचमध्ये असते. घट्ट आवळलेल्या कॅमला ते कसे जमणार?

अडचण नेमकी इथेच सुरू होते. ब्रेकचे लायनर झिजले की रॅम माथा ओलांडून पुढे जाऊ लागतो. पूर्वी ते ऑपरेटरला डोळ्यांनी दिसे, तो ओरडे आणि ब्रेक उघडला जाई. आता रॅम पुढे गेला की कुणीतरी पॅनेलवर चार अंश वाढवतो, रॅम पुन्हा शहाण्यासारखा माथ्यावर थांबतो आणि झिजलेला ब्रेक तसाच राहतो. पण हात आत गेल्यामुळे प्रेस मध्येच, रॅम खाली येत असताना थांबवावी लागते, तेव्हा आधी संकेत देण्याची सवलत नसते. तिथे ब्रेकची खरी ताकदच कामाला येते. हात आडवा येताच प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, म्हणजे लाईट कर्टन, डायपासून किती दूर लावायचा, हे थांबण्याच्या वेळावरून ठरते. हाताचा वेग सेकंदाला 1600 मिलिमीटर धरला, तर 0.2 सेकंदात थांबणाऱ्या प्रेसला किमान 320 मिलिमीटर आणि 0.3 सेकंदाला 480 मिलिमीटर अंतर लागते. ब्रेक झिजत जातो, कर्टन मात्र बसवला त्याच जागी असतो.

की-क्लचच्या जुन्या प्रेसचा तर प्रश्नच वेगळा आहे. तो क्लच एकदा गुंतला की फेरा पूर्ण झाल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे तिथे कितीही महागडा स्विच लावला तरी रॅम अधेमधे थांबणार नाही. तिथे हात आत जाणारच नाही असे पक्के गार्ड हवे. रिझॉल्व्हर किंवा एन्कोडर साखळीने फिरत असेल, तर त्या साखळीचेही तसेच. ती तुटली तर क्रँक फिरत असतो आणि पॅनेलवरचा कोन जागच्या जागी गोठलेला असतो, म्हणून प्रेस फिरते आहे का, हे स्वतंत्रपणे तपासणारी व्यवस्था असल्याशिवाय या स्विचवर विसंबू नये. रॅम वर जाताना लाईट कर्टन तात्पुरता निष्क्रिय करण्याचे काम साध्या, एकाच वाहिनीच्या आउटपुटकडे सोपवलेले मी पाहिले आहे. त्या कामासाठी एकमेकांवर नजर ठेवणाऱ्या दोन वाहिन्यांचे सुरक्षा-दर्जाचे उपकरणच हवे.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांनी प्रेसशॉपच्या तपासणीत, स्विच बसवला आहे का एवढेच न विचारता, प्रेसचा थांबण्याचा वेळ शेवटी केव्हा मोजला आणि आकडे बदलण्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, हे विचारावे. मोटार कंपन्या सुट्या भागांच्या मापांचा अहवाल पुरवठादारांकडून मागून घेतात. त्यासोबत थांबण्याच्या वेळाची नोंदही त्यांनी मागावी. हा वेळ मोजण्याचे उपकरण प्रत्येक छोट्या कारखान्याने विकत घेण्याची गरज नाही, एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांच्या संघटनेने एक घेतले तरी ते सर्वांना आळीपाळीने वापरता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त देखभाल पर्यवेक्षक, भोसरी