'लिव्ह' आणि 'लीव्ह' वेगळे करून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे तुम्हाला अडवता येणार नाही.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. खोली भाड्याने देणाऱ्या बाईंना मला इंग्रजीत सांगायचं होतं की मला इथे राहायचं आहे, बरेच दिवस. मी म्हणाले, 'आय वॉन्ट टु लीव्ह हिअर.' त्यांनी ऐकलं की मला इथून निघायचं आहे. दोन दिवसांनी ती खोली दुसऱ्या कुणाला तरी गेली. मी रडत तुम्हाला फोन केला आणि म्हणाले, मी शब्द तर बरोबर वापरला होता! तुम्ही हसला नाहीत. एवढंच म्हणालात, "वीट म्हणा. आता खीर म्हणा. आता फूल."

मी म्हणत गेले आणि तुम्ही विचारलंत, या सगळ्यांत वेलांटी-उकार दीर्घ का? शाळेत पाठ केलेला नियम मला आठवला: अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ. तुम्ही म्हणालात की तो नियम नुसता वहीत नाही, जिभेतही बसलाय. शेवटी एकटं व्यंजन आलं की त्याच्या आधीचा 'इ' आपण नकळत लांबवतो. म्हणून 'शिप' म्हणजे जहाज म्हणायला जातो आणि तोंडातून 'शीप' म्हणजे मेंढी येते. 'फिल' म्हणजे भरणे, 'फील' म्हणजे वाटणे. 'सिट' म्हणजे बसणे, 'सीट' म्हणजे बसायची जागा. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून हे होत नव्हतं, माझी मराठी पक्की आहे म्हणून होत होतं. हे ऐकून मला जे हलकं वाटलं, ते तुम्हाला तेव्हा सांगायचं राहून गेलं.

मग तुम्ही मराठीतूनच कान तयार करून घेतलेत. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे नस. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. वेलांटी बदलली की अर्थ बदलतो, हे मला कुणी नव्याने शिकवायची गरजच नव्हती. पण नुसतं लांब-आखूड करून भागणार नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. 'शिप'मधल्या स्वराला जीभ किंचित खाली आणि सैल असते, 'शीप'ला ती वर ताणली जाते. शिवाय पुढच्या व्यंजनानेही लांबी बदलते. 'बीट' आणि 'बीड' यांत स्वर तोच, पण 'ड'च्या आधी तो जास्त वेळ रेंगाळतो.

आणि तो हनुवटीचा प्रयोग! तळहात हनुवटीखाली धरायचा आणि सावकाश म्हणायचं: बीट, बिट, बेट, बॅट. ठोका, तुकडा, पैज, वटवाघूळ. प्रत्येक शब्दाला हनुवटी हातावर थोडी अधिक टेकते, जणू चार पायऱ्या उतरतोय. मी आरशासमोर बसून हे इतक्या वेळा केलंय की आता हात न लावताही पायरी कळते. 'ब' आणि 'ट'च्या मध्ये तुम्ही एकेक स्वर बसवत गेलात: बट म्हणजे पण, बूट म्हणजे आपला बूटच, बोट म्हणजे होडी, बाइट म्हणजे चावा. मी म्हणाले, ताई, बेट म्हणजे पाण्यातली जमीन, बट केसांची आणि बोट हाताचं! तुम्ही म्हणालात, मग तर हे शब्द तू कधीच विसरणार नाहीस. नाही विसरले.

सगळ्यात मोठे उपकार मात्र त्या वहीचे. मी इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून ठेवायचे आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास होता. तुम्ही एक पान उघडून 'टेस्ट' या शब्दावर बोट ठेवलंत आणि विचारलंत, ही परीक्षा की चव? खालच्या ओळीत 'वेट' होता. ओला, थांब की वजन? 'पेन' लिहिण्याचं की दुखण्याचं? आपल्याकडे 'ए'ची मात्रा एकच, आणि तिच्यात मी इंग्रजीचे दोन वेगळे स्वर भरत होते. परीक्षेतला 'ए' आखूड, जागेवरच संपणारा. चवीतला 'ए' शेवटी 'इ'कडे घसरणारा. तुम्ही पेन्सिलने चवीच्या, थांबण्याच्या, वजनाच्या आणि दुखण्याच्या मात्रेवर एकेक बारीक 'इ' काढून दिलात. ती वही माझ्याकडे अजून आहे. माझ्या मते देवनागरीत उच्चार लिहिण्यात काही चूक नाही. 'कॅट'मधल्या स्वरासाठी आपल्याकडे चंद्राचं चिन्ह आहे, तशीच या दुसऱ्या 'ए'साठी खूण करून घेतली की झालं. स्वर लिहायला अक्षरं 5 आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारात स्वरध्वनी सुमारे 20, म्हटल्यावर इंग्रजीला तरी तिची स्वतःची लिपी कुठे पुरते?

एकदा मी चिडून विचारलं होतं की 'फूड', 'गुड' आणि 'ब्लड' तिन्हींत दोन ओ, मग उच्चार तीन कसे? दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, पाठ कर. तुम्ही मला थेट काही शतकं मागे नेलंत. एके काळी तिन्हींत लांब 'ओ'सारखा एकच स्वर होता. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे लांब स्वर तोंडात वर सरकले आणि त्या 'ओ'चा 'ऊ' झाला. 'फूड' तिथेच राहिला. 'ब्लड' लवकर आखूड झाला आणि पुढे आखूड 'उ'चा 'अ' झाला, तेव्हा त्या लाटेत तोही गेला. 'गुड' उशिरा आखूड झाला, म्हणून 'उ'वर थांबला. आणि विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमधला पहिला छापखाना वेस्टमिन्स्टरला काढला 1476 मध्ये, म्हणजे हे सगळं चालू असतानाच. स्पेलिंग छापून हळूहळू घट्ट होत गेलं, स्वर मात्र चालत राहिले. त्या दिवसापासून माझा स्पेलिंगवरचा राग गेला. ई-ए या जोडीत 'मीट' आणि 'सीट'च्या रांगेत 'ग्रेट' आणि 'ब्रेक' वेगळे उभे आहेत, हे आता मी न कुरकुरता लक्षात ठेवते.

मागच्या महिन्यात घर बदललं. या वेळीही फोनवर तेच वाक्य बोलायचं होतं. जीभ सैल सोडली, 'लिव्ह' आखूड ठेवला, आणि पलीकडून लगेच प्रश्न आला, किती वर्षं राहणार? ताई, त्या प्रश्नाने मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

'पुल' म्हणजे ओढणे आणि 'पूल' म्हणजे पोहायचा तलाव, ही जोडी अजून जमत नाही. दोन्हींना ओठ सारखेच पुढे येतात. रविवारी फोन करते, आरसा घेऊनच बसेन.

तुमची,
वहीवाली विद्यार्थिनी